ऋषीचं कूळ, सिंहाचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पिंजऱ्यातल्या सिंहाचं कूळ मात्र विचारावंच लागतं, आणि विचारलं की समोरचा माणूस बहुधा विषय बदलतो.

काही वर्षांपूर्वी एका प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला जायला मिळालं. गाव कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण असं चित्र बऱ्याच ठिकाणी दिसेल. पुढे खंदकापाशी मोठा फलक होता. त्यावर 'आशियाई सिंह' अशी ठसठशीत अक्षरं, खाली गुजरातचा नकाशा आणि गीरवर लाल ठिपका. मागे रात्रीच्या पिंजऱ्यांची ओळ. फिनेलचा आणि म्हशीच्या मांसाचा मिसळलेला वास. प्रत्येक पिंजऱ्याशेजारी भिंतीवर प्लास्टिकच्या पाकिटात त्या जनावराचं कार्ड. सिंहिणीच्या कार्डावर नाव होतं, अंदाजे वय होतं. 'पिता' समोर आडवी रेघ, 'माता' समोर आडवी रेघ. 'कोठून आली' या रकान्यात लिहिलं होतं, 'सर्कशीतून जप्त'.

"मामा, मग बाहेर गीरचा नकाशा कसा काय?" मी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं.

"तो बोर्ड आधीच्या जोडीच्या वेळचा, ताई. आणि सिंह तो सिंहच की. लोकांना काय कळतंय!"

मामांचं म्हणणं वरकरणी खोटं नव्हतं. पिंजऱ्यासमोर उभ्या असलेल्या पोराला तो सिंह गीरचा की केनियाचा याच्याशी काही घेणंदेणं नसतं. पण त्या कार्डावरच्या दोन आडव्या रेघांवरून भारतातल्या प्राणिसंग्रहालयांचा गेल्या चाळीसेक वर्षांचा मोठा घोळ सांगता येतो. अशा बिनकुळाच्या सिंहांचं करायचं काय, त्यांना पिल्लं होऊ द्यायची की नाही, हा प्रश्न आपण कधी पुरतेपणी विचारलाच नाही. तो कधी डॉक्टरांवर सोडला, कधी कोर्टावर, आणि बऱ्याचदा नशिबावर.

हे सिंह आले कुठून? बरेचसे सर्कशीतून, आणि सर्कशीच्या बाबतीत आपल्याला कानावर हात ठेवता यायचे नाहीत. हिंदुस्थानातली पहिली सर्कस उभी केली ती विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० मध्ये. त्यानंतर सांगली-मिरजेच्या पट्ट्यातून एकामागून एक सर्कशी निघाल्या. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे तर वाघ-बिबट्यांचे खेळ करत थेट अमेरिकेतल्या रिंगणात पोहोचले. सर्कसवाल्याला सिंह हवा तो भरघोस आयाळीचा, डरकाळी फोडणारा आणि स्टुलावर बसणारा. त्याचा बाप कोण, आई कोण, याची नोंद ठेवायचं त्याला कारणच नव्हतं. आफ्रिकेतले सिंह व्यापाऱ्यांकडून येत, एका सर्कशीतून दुसरीत विकले जात, पिंजऱ्याच्या गाडीतच पिल्लं होत. लहानपणी आमच्या गावच्या मैदानात तंबू पडला की दुपारच्या वेळी वडील आम्हाला मागच्या बाजूला जनावरं बघायला नेत. तिथल्या सिंहाची आयाळ पोटापर्यंत काळी होती एवढं लख्ख आठवतं. तो सिंह बहुधा हिंदुस्थानी नव्हता, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने सिंह, वाघ, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली आणि शेकडो जनावरं एकदम सरकारच्या ओट्यात येऊन पडली. त्यांच्यासाठी बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा, चेन्नईजवळ वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर, भोपाळ अशा ठिकाणी बचाव केंद्रं काढावी लागली. निर्णय योग्यच होता. पण त्या जनावरांबरोबर कागद आले नाहीत, आणि कागद नसलेलं जनावर म्हणजे सरकारी भाषेत डोकेदुखी.

तरी खरा घोळ सर्कशीने घातला नाही. तो चंडीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात १९८० च्या दशकात घातला गेला. तिथल्या आशियाई सिंहांमध्ये सर्कशीतून आलेले आफ्रिकी सिंह सोडले गेले. पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. सिंहांची गंमत अशी की पिंजऱ्यात ते मांजरांइतक्याच सहजपणे वाढतात. साडेतीन महिन्यांचा गाभणकाळ, एका वेताला दोन-तीन पिल्लं, आणि बंदिवासात अठरा-वीस वर्षांचं आयुष्य. बघता बघता छतबीरचा आकडा सत्तर-ऐंशीच्या घरात गेला. जागा तेवढीच राहिली. मग मागचे पाय लुळे पडलेली, सतत आजारी असणारी, जखम लवकर न भरणारी जनावरं दिसू लागली. अखेर २००० च्या सुमारास केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या धोरणानुसार तिथल्या नरांची नसबंदी केली गेली, आणि तो कळप म्हातारा होऊन एकेक करत संपेपर्यंत वाट बघितली गेली.

वर्तमानपत्रांनी याचं सार एका वाक्यात काढलं, की संकर केला म्हणून सिंह दुबळे निपजले. मला ते पटत नाही. दोन वेगळ्या घराण्यांचा पहिला संकर सहसा दुबळा निपजत नाही, उलट दणकट निघतो. आपल्याकडे संकरित ज्वारी पेरणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत आहे. खरं दुखणं पुढच्या पिढ्यांचं होतं. भाऊ-बहीण, बाप-लेक यांच्यात झालेली पैदास, एकाच आवारात झालेली गर्दी, आणि कोण कोणाचं हे न लिहिणारी वही. संकराच्या माथी सगळं मारलं की त्या वहीबद्दल कोणी विचारत नाही.

ही वही किती महत्त्वाची, ते अमेरिकेने आपल्याआधी शिकून ठेवलं होतं. तिथल्या प्राणिसंग्रहालयांनी १९८१ मध्ये आशियाई सिंह वाचवायचा एकत्रित कार्यक्रम हाती घेतला. वंशावळी नीट लिहिल्या, कोणाची सोयरीक कोणाशी जुळवायची हे ठरवून दिलं. काम अगदी मन लावून चाललं होतं. १९८७ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी त्या सिंहांची रक्ततपासणी केली आणि जुनागडच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातल्या सिंहांशी ती ताडून पाहिली. ज्या पाच मूळ प्राण्यांपासून अख्खा कळप वाढला होता, त्यांतल्या दोघांचं मूळ आफ्रिकी निघालं. झालं, कार्यक्रमच गुंडाळावा लागला. इतक्या वर्षांची वंशावळ बरोबर लिहिलेली होती, फक्त पहिल्या पानावरची दोन नावं चुकली होती. पुढे युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांनी नव्याने सुरुवात केली ती थेट सक्करबागेतून सिंह नेऊन.

वाघांचीही हीच कथा. २००८ मध्ये चौदा देश-प्रदेशांतल्या १०५ बंदिस्त वाघांचा डीएनए तपासला गेला. त्यातले ४९ निर्भेळ एका उपप्रजातीचे निघाले आणि ५२ मिश्र. म्हणजे जवळजवळ निम्म्या वाघांच्या पिंजऱ्यावरचा फलक चुकीचा असू शकतो. आणि गंमत म्हणजे ज्यांना आपण मिश्र समजतो त्यांच्यातले काही निर्भेळ असू शकतात. अंदाज दोन्ही बाजूंनी फसतो.

नजरेने ओळखता येत नाही का? येतं, असं जुने लोक सांगतात. गीरच्या सिंहाच्या पोटाखाली कातडीची लांब घडी असते, आयाळ विरळ असते, त्यामुळे कान दिसतात. पण अशी घडी आफ्रिकेतल्या सिंहांतही कधी कधी दिसते, आणि आयाळ तर हवेवर चालते. थंड प्रदेशातल्या पिंजऱ्यात तीच दाट होते, उष्ण प्रदेशात विरळ. मिश्र पिल्लात यातलं काय उतरेल याचा नेम नाही. सोयरीक जुळवताना नाक-डोळे बघून कूळ ओळखणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असतात. त्यांचं जितपत खरं ठरतं तितपतच हेही खरं.

आता एका अडचणीकडे येते. या विषयावर बोलताना तोंडात 'शुद्ध' हा शब्द येतो. शुद्ध सिंह, अशुद्ध सिंह, शुद्ध रक्त, भेसळ. महाराष्ट्रात राहून हे शब्द निर्धास्तपणे वापरता येत नाहीत, येऊही नयेत. वर्णसंकराच्या भीतीपोटी माणसांचे काय हाल केले गेले, हे या मातीत कोणाला सांगायची गरज नाही. त्यामुळे एक तरुण मित्र जेव्हा मला म्हणाला, "तुम्ही लोक माणसांची जात मोडायच्या गोष्टी करता आणि सिंहाची जात राखायला निघालात," तेव्हा मला लगेच उत्तर सुचलं नाही.

नंतर सुचलं ते असं. उरुळीकांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी 'बायफ' ही संस्था उभी केली आणि गावोगावी संकरित गायी नेल्या. त्या संकराने अनेक घरांत दूध आणलं. तिथे संकर हेच उद्दिष्ट होतं आणि तो हिशेबाने केला जात होता. कुठला वळू, कुठली गाय, कितवी पिढी, हे लिहिलेलं असे. दुसरीकडे अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे गावरान वाण जपतात. हायब्रिड पाप आहे म्हणून त्या ते जपत नाहीत. एकदा गेलं की ते पुन्हा आणता येणार नाही, म्हणून जपतात. शेजारच्या शेतातले पराग आपल्या वाणावर पडू नयेत म्हणून बियाण्याचा प्लॉट लांब ठेवावा लागतो, यात शेजारच्याच्या पिकाचा अपमान नसतो. सिंहाच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचं आहे. मिश्र सिंह कमअस्सल नाही. तो बियाण्याच्या प्लॉटमध्ये ठेवायचा नाही, इतकंच. आणि हे सांगायला 'शुद्ध' शब्दाची गरज पडत नाही. 'ज्ञात कुळाचा' आणि 'अज्ञात कुळाचा' हे शब्द पुरतात.

बियाण्याचा प्लॉट म्हणजे काय, तर गीर. आशियाई सिंह जंगलात आज जगात फक्त सौराष्ट्रात आहे. जुनागडच्या नवाबांनी शिकारीला आवर घातला नसता तर तोही उरला नसता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उरले होते ते काही डझन. २०२५ च्या गणनेत ८९१. हे यश मोठंच आहे, पण सगळी अंडी एकाच टोपलीत आहेत. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने सुमारे एक हजार, म्हणजे तिथल्या तीनातला एक सिंह मारला. २०१८ मध्ये तोच विषाणू गीरच्या दलखाणिया भागात पोहोचला आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले. त्याआधी २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, सहा महिन्यांत हलवा, असं सांगितलं होतं. सिंह गेले नाहीत. २०२२ मध्ये तिथे आफ्रिकेतून चित्ते आले.

कुनोचं नाव निघालंच आहे तर आणखी एक गोष्ट सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी याच मुलखात सिंह पुन्हा वसवायचं मनावर घेतलं. जुनागडहून मिळाले नाहीत म्हणून आफ्रिकेतून मागवले. ज्या भिंतींच्या आवारात ते ठेवले होते त्यांचे अवशेष अजून आहेत. बाहेर सोडल्यावर ते सिंह गुरांवर आणि मग माणसांवर पडू लागले, अखेर त्यांना गोळ्या घालाव्या लागल्या. आफ्रिकेतले होते म्हणून ते तसे वागले असं मी म्हणणार नाही. पिंजऱ्यात राहून माणसाची भीती मेलेला कुठलाही सिंह तसाच वागला असता. पण तो प्रयोग फसला नसता तर आज कुनोतल्या सिंहाकडे बघून आपण काय म्हणालो असतो, हा प्रश्न मला छळतो.

असं असताना देशातल्या प्राणिसंग्रहालयांतला आशियाई सिंह ही केवळ शोभा राहत नाही. ती गीरवर संकट आलं तर उघडायची पेटी आहे. सक्करबाग, जिची स्थापना १८६३ ची, ही या कामातली मुख्य संस्था. तिथून देशभर जोड्या जातात. २०२२ च्या अखेरीला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आलेली जोडी तिथलीच, बदल्यात आपली वाघांची जोडी तिकडे गेली. या पेटीत एकदा अज्ञात कुळाचं पिल्लू पडलं, त्याला पिल्लं झाली आणि ती चार शहरांत वाटली गेली, की पेटी उघडायच्या दिवशी आत काय आहे हे कोणाला सांगता येणार नाही. अमेरिकेत नेमकं हेच झालं.

दुसरा हिशेब जागेचा. सिंहासाठी एक चांगलं मोकळं आवार, खंदक, रात्रीचे पिंजरे, रोजचं आठ-दहा किलो मांस, एक डॉक्टर आणि दोन माणसं, असं वीस वर्षं पुरवायचं असतं. महापालिकेच्या अंदाजपत्रकात अशी आवारं किती निघतात? मिश्र सिंहाचं एक वेत म्हणजे तीन आवारं वीस वर्षांसाठी अडली. लोकांना छावे बघायला आवडतात, नामकरणाचा कार्यक्रम होतो, नगरसेवकांचा फोटो येतो, हे सगळं खरं. पण छावा वर्षभरच छावा असतो.

यावर सर्वांत दमदार आक्षेप वेगळाच आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. गीरचे सिंह स्वतःच अतिशय जवळच्या नात्यातले आहेत. जनुकीय वैविध्य त्यांच्यात फारच कमी. १९८० च्या दशकातली ती रक्ततपासणी तेच सांगत होती, आणि २०२० मध्ये जुन्या-नव्या सिंहांचे पूर्ण जनुकसंच वाचले गेले तेव्हाही तेच दिसलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की पूर्वी वाटलं तितकी परिस्थिती वाईट नाही, पण चांगलीही नाही. मग थोडं आफ्रिकी रक्त आलं तर बिघडलं कुठे? फ्लोरिडात असंच केलं ना? तिथले प्युमा, म्हणजे अमेरिकेतली मोठी रानमांजरं, नात्यातल्या पैदाशीने खंगत चालले होते. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या आणि ती जमात सावरली.

केलं, आणि छान केलं. पण कसं केलं ते बघा. आठच माद्या, कुठल्या त्या माहीत, कधी सोडल्या ते माहीत, त्यांची प्रत्येक पिढी मोजलेली, आणि काम झाल्यावर उरलेल्या माद्या तिथून उचलून नेलेल्या. हे औषध होतं, मोजून दिलेलं. छतबीरला जे झालं ते म्हणजे औषधाच्या कपाटातली हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावणं. उद्या गीरच्या सिंहांना खरोखर बाहेरच्या रक्ताची गरज पडली, तर आफ्रिकेतल्या कुठल्या भागातला सिंह आणायचा हे तज्ज्ञ ठरवतील आणि कूळ माहीत असलेला आणतील. सर्कशीतल्या सिंहाचा नातू त्यासाठी राखून ठेवायचं कारण नाही. शिवाय आजतरी गीरचे सिंह वाढत आहेत. त्यांना जागेची टंचाई जास्त आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वर्गीकरण ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. २०१७ मध्ये मांजरकुळाच्या अभ्यासकांनी सिंहाच्या उपप्रजाती नव्याने मांडल्या आणि आपला गीरचा सिंह पश्चिम, मध्य आणि उत्तर आफ्रिकेतल्या सिंहांच्या पंक्तीला बसवला. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतले वेगळे काढले. म्हणजे कागदावर 'आशियाई' ही स्वतंत्र उपप्रजातीच राहिली नाही. मग आपण कशासाठी एवढा आटापिटा करतो? मला वाटतं, उपप्रजातीचं नाव काहीही असो, हजारो वर्षं वेगळं राहिलेलं, वाळलेल्या सागवानाच्या पाचोळ्यात गीरमधल्या मालधारी गुराख्यांच्या म्हशींच्या शेजारी जगायला शिकलेलं हे एक घराणं आहे. ते तसं ठेवायला लॅटिन नावाची गरज नाही.

आणि म्हणूनच मोरोक्कोच्या सिंहांबद्दल मी याच्या बरोबर उलट मत देईन. अॅटलास पर्वतातला बार्बरी सिंह जंगलातून संपला. १९२५ मध्ये विमानातून काढलेला जंगलातला शेवटचा ज्ञात फोटो आणि १९४२ मध्ये झाडलेली गोळी, या त्याच्या शेवटच्या पक्क्या खुणा. पण मोरोक्कोच्या सुलतानांना नजराणा म्हणून मिळालेल्या सिंहांचे वंशज राजवाड्यातल्या पिंजऱ्यांत राहिले. १९५३ मध्ये सुलतानांना देशाबाहेर काढलं तेव्हा सिंहांचीही पांगापांग झाली, पुढे रबातच्या प्राणिसंग्रहालयात आणि युरोपात त्यांची वाढ झाली. त्यातल्या काहींचा आईकडचा डीएनए तपासला तेव्हा तो बार्बरी सिंहाचा निघाला नाही. थोडक्यात, तेही बिनकुळाचेच. तरी त्यांची वंशावळ ठेवली जाते आणि त्यांना पिल्लं होऊ दिली जातात. माझ्या मते ते बरोबर आहे, कारण तिथे जंगलात बिघडण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्या सिंहांत मूळ घराण्याचा एखादा धागा असलाच, तर तो फक्त तिथेच आहे. मोरोक्कोत नसबंदी केली असती तर तो धागाही तुटला असता. आपल्याकडे जंगलातला सिंह जिवंत आहे, म्हणून आपला निर्णय वेगळा. एकच नियम दोन्हीकडे लावणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

तर मग मामांच्या त्या सिंहिणीचं काय करायचं? पिल्लं नकोत हे ठरलं. पण 'पिल्लं नकोत' म्हणून फाईल बंद झाली की त्या जनावराचे हाल सुरू होतात. छतबीरच्या प्रकरणात मला खटकतं ते हेच. नसबंदीचा निर्णय बरोबर होता. त्यानंतरची कित्येक वर्षं 'हे संपेपर्यंत' अशा हिशेबात गेली, ते बरोबर नव्हतं. माणसांनी वही लिहिली नाही आणि शिक्षा म्हणून म्हातारपण सिंहांनी काढलं.

नसबंदीही वाटते तितकी सरळ गोष्ट नाही. नराचे अंडकोश काढले तर आयाळ गळते, म्हणून शक्यतो फक्त नस बांधतात. त्याने आयाळ राहते, रुबाब राहतो, माजावर आलेल्या मादीशी संगही होतो. मग मादीला खोटी गाभणी राहते, आणि वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. मादीला संप्रेरकाची गोळी कातडीखाली बसवता येते, तिचेही दुष्परिणाम आहेत. युरोपातली काही प्राणिसंग्रहालयं तिसराच मार्ग घेतात. पिल्लं होऊ देतात, वाढवू देतात, आणि जागा नसली की मारून टाकतात. कोपेनहेगनमध्ये २०१४ साली एका तरण्या जिराफानंतर काही आठवड्यांतच चार सिंह असेच मारले गेले. तिथल्या लोकांचा युक्तिवाद असा की आई होणं हाच मादीच्या आयुष्याचा मोठा भाग आहे, तो हिरावून घेऊ नये. या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या कायद्यात ते बसत नाही, आपल्या मनातही बसत नाही. पण न मारण्याचं पुण्य घ्यायचं असेल तर न मारलेल्या जनावराच्या वीस वर्षांचा खर्चही आपणच उचलायचा असतो.

मामांनी एक गोष्ट सांगितली होती. त्या सिंहिणीच्या जोडीला नस बांधलेला नर होता. मध्येच कधी तरी तिचं पोट थोडं सुटायचं, स्तन भरायचे आणि मग ती पिंजऱ्यातल्या पोत्याचा तुकडा तोंडात धरून कोपऱ्या-कोपऱ्यात फिरायची. खाली ठेवायची, चाटायची, परत उचलायची. "पोतं काढून घ्यायला कोणाची छाती नव्हती, ताई. आम्ही आठ-आठ दिवस तसंच ठेवायचो." हे ऐकल्यावरही मी पिल्लं होऊ द्या असं म्हणत नाही. पण हे ऐकलेलं नसताना 'पैदास बंद' असं लिहिणाऱ्या हाताबद्दल मला शंका वाटते.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. देशातल्या प्रत्येक बंदिस्त सिंहाची एकदा डीएनए तपासणी व्हावी. हैदराबादला ती करण्याची सोय आहे, खर्च एका उद्घाटन समारंभापेक्षा जास्त येऊ नये. तपासणीआधी कोणाची जोडी लावू नये आणि तपासणीआधी कोणाची नस कायमची बांधूही नये, कारण रेघा मारलेल्या कार्डामागे एखादा गीरचा सिंहही निघू शकतो. मिश्र निघाले त्यांना मोठं आवार द्यावं, सोबत द्यावी, लोकांना दाखवावं, लपवू नये. आणि फलकावर खरं लिहावं. 'या सिंहिणीचं कूळ आम्हाला माहीत नाही, ती सर्कशीतून आली, तिला पिल्लं होऊ देत नाही, कारण असं असं आहे.' शाळेच्या सहलीला आलेल्या पोरांना यातून जेवढं कळेल तेवढं गीरच्या लाल ठिपक्यातून कळणार नाही.

फलकावरून आठवलं. २०२४ च्या फेब्रुवारीत सिलिगुडीच्या सफारीत त्रिपुराहून सिंहाची जोडी आली. एकाचं नाव अकबर, एकीचं सीता. प्रकरण थेट कोलकाता उच्च न्यायालयात गेलं, त्रिपुरात एका वरिष्ठ वनाधिकाऱ्याला निलंबित व्हावं लागलं, आठवडाभर वाहिन्यांवर दुसरं काही नव्हतं. त्या जोडीच्या नावांवर एवढं रण माजलं, पण त्यांचे आई-बाप कोण, असं त्या गदारोळात कोणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

निघताना मामांनी ते कार्ड पाकिटातून काढून उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलने, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत बरंच लिहिलेलं होतं. डावी दाढ दुखते, हाडाचं मांस देऊ नये. सोमवारी उपास. फटाक्यांना घाबरते, दिवाळीत आत घ्यावी. पोतं काढू नये. गेल्या अकरा वर्षांत तिथे काम केलेल्या प्रत्येकाने एखादी ओळ टाकली होती.

"मामा, हे बाहेरच्या बोर्डावर लावा की."

मामा हसले. "बोर्ड आपल्याकडे नाही, ताई. तो स्थापत्यवाल्यांकडे असतो."